मांस मोजायचा थर्मामीटर: भुसावळचा उन्हाळा काढल्यानंतर

पावसाळा लागला आणि थर्मामीटर बंद पडला. पडद्यावर आकड्यांच्या जागी नुसत्या रेघा, आणि काचेला आतून वाफ धरलेली. खोक्यावर ठळक छापलंय 'आयपी ६७'. या मानकाचा अर्थ असा की वस्तू एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास राहिली तरी आत पाणी जाता कामा नये. मी तो नळाखाली धुतला होता, तेवढंच. कंपनीचं उत्तर आलं: ओलाव्यामुळे झालेला बिघाड वॉरंटीत बसत नाही.

खोक्यावर पाण्याची हमी द्यायची आणि वॉरंटीच्या कागदावर पाण्याचंच कारण दाखवून हात झटकायचे, ही ग्राहकाची फसवणूक आहे. पाणी शिरतं कुठून, तेही मी पाहिलं. मांसात खुपसायचा काटा जिथे घडी होऊन थर्मामीटरच्या अंगात बसतो त्या बिजागरीला रबराची गोल चकती आहे. ती एका बाजूला उचलली गेली होती, नख सरकेल एवढी फट. दुसऱ्या बाजूला चकती घट्ट. म्हणजे बसवतानाच नीट बसवलेली नाही. त्याचे जवळून फोटो काढले, खोक्याचा फोटो जोडला आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवली. त्यानंतर कंपनीने नवा पाठवला. जुना परत पाठवायचा कुरिअरचा खर्च मात्र माझ्याच खिशातून गेला आणि मागूनही मिळालेला नाही. नऊशे रुपयांच्या वस्तूला हा खर्च थोडा नाही.

एवढा पाठपुरावा केला कारण ही वस्तू मला खरोखर लागते. महाराष्ट्रात गाय कापणं १९७६ च्या कायद्यानेच बंद होतं, २०१५ मध्ये बैल आणि वळू कापणंही बंद झालं. आता इथे स्टेक, म्हणजे तव्यावर भाजलेला मांसाचा जाड तुकडा, करायचा तर म्हशीचा. आणि स्टेकबद्दल वाचायला जावं तर सगळे तक्ते अँगस, हिअरफर्ड, वाग्यू या परदेशी गुरांच्या जातींवर बेतलेले. अँगसच्या मांसात चरबीच्या बारीक रेषा मधूनमधून पसरलेल्या असतात. वाग्यूत तर इतक्या, की जपानात त्यांना १ ते १२ असा आकडा देतात. अमेरिकेतली प्राइम, चॉइस, सिलेक्ट ही प्रतवारीही मुख्यतः याच रेषांवर ठरते. भाजताना ती चरबी वितळते आणि तापमान चार अंश वर गेलं तरी घास ओलसर लागतो.

म्हशीच्या मांसात ही आतली चरबी फारच कमी. असते ती बाहेरून, पांढरीशुभ्र. मुऱ्हा घ्या, जाफराबादी घ्या की नागपुरी, या जाती दुधासाठी सांभाळलेल्या, स्टेकसाठी त्यांची पैदास कुणी केलेली नाही. त्यामुळे 'कोणत्या जातीचं?' या प्रश्नाला आपल्याकडे फारसा अर्थ नाही. आमचे दुकानवाले चाचा जात सांगत नाहीत, वय सांगतात. 'जवान माल है' म्हणाले तर मी स्टेकसाठी घेतो. दूध आटलेली म्हातारी म्हैस असेल तर ते आपणहून म्हणतात, 'आज रस्सा करा.' त्यांच्या या शब्दावर मी डोळे मिटून विश्वास ठेवतो.

रंगाचंही तसंच. परदेशात सांगतात, मधे गुलाबी दिसलं की उतरवा. म्हशीच्या मांसात मायोग्लोबिन, म्हणजे मांसाला लाल रंग देणारं द्रव्य, जास्त, म्हणून ते मुळातच गडद. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली त्या रंगावरून काहीही कळत नाही. बोटाने दाबून बघायची युक्तीही चरबीच्या मांसावर शिकलेल्या हातांची आहे. आकडा मात्र कोणत्याही मांसात आकडाच असतो.

आता कोणत्या तुकड्याला हा काटा लावायचा ते. अंडरकट पहिला. कण्याच्या आतल्या बाजूचा हा स्नायू जनावराच्या चालण्यात फारसा राबत नाही, म्हणून मऊ. बिडाच्या तव्यावर दोन्ही बाजू करपवायच्या, काटा वरून नाही तर बाजूने, जाडीच्या बरोबर मध्यात खुपसायचा. ५४ ला उतरवला की झाकून ठेवल्यावर तो आपोआप दोन-तीन अंश चढतो. आईसाठी मात्र मी ६३ गाठतो आणि तीन मिनिटं तसाच ठेवतो. अमेरिकेच्या कृषी खात्याचा अख्ख्या तुकड्यासाठीचा सुरक्षित आकडा तोच आहे. अंडरकट ६३ लाही खाण्यासारखा राहतो. सत्तरीकडे गेला की पैसे वाया.

चापेतून, म्हणजे बरगड्यांच्या भागातून, रिबआय या परदेशी स्टेकसारखी पट्टी निघते, पण सांगावं लागतं: 'चाचा, सत्तूर लावू नका, हाडापासून सोडवून अख्खी द्या.' न सांगितलं तर दोन मिनिटांत रश्श्याचे तुकडे हातात येतात. पुठ्ठ्याचा, म्हणजे मागच्या मांडीचा, स्टेक जमतो, पण ५५ च्या पुढे नेऊ नये आणि धाग्याच्या आडवा, पातळ कापावा. दस्ती (खांदा), सीना (छाती), नल्ली (पायाचं हाड) यांना थर्मामीटर लावूच नका. त्यातलं कोलॅजन, म्हणजे धागे बांधून ठेवणारा चिवट भाग, विरघळायला तासन्‌तास मंद आच लागते. काळा मसाला, कळण्याची भाकरी, हेच त्यांचं ठिकाण. खिम्याला मात्र काटा हवाच, ७१ पर्यंत, कारण दळताना वरचे जंतू आतपर्यंत जातात.

सुरुवातीला मी या थर्मामीटरला तीन तारे दिले होते, कारण आकडा स्थिरावायला सात-आठ सेकंद लागतात आणि तापलेल्या तव्यावर तेवढ्यात खालची बाजू पुढे जाते. ही तक्रार आजही आहे. पण एप्रिल-मेमध्ये मत बदललं, आणि ते तव्यामुळे नाही, फ्रिजमुळे. सकाळी कापलेलं मांस त्याच दिवशी भाजलं तर ते आखडलेलं, चिवट लागतं. दोन-तीन दिवस ४ अंशांच्या खाली ठेवलं तर त्यातले एन्झाइम धागे सैल करतात. मे महिन्यात पेल्यातल्या पाण्यात काटा ठेवून पेला रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला, तर सकाळी आकडा ९. नॉब वाढवला, दाराचं रबर बदललं, मग ३ वर आलं. त्या दिवसापासून अंडरकटमध्ये जो फरक पडला तो कोणत्याही मसाल्याने पडला नव्हता.

'भाजण्याआधी तासभर बाहेर ठेवा' हा सल्लाही खानदेशात उन्हाळ्यात पाळू नका. ३२ अंशांच्या वर मांस बाहेर तासापेक्षा जास्त राहू नये, असं तेच अमेरिकी खातं सांगतं, आणि भुसावळचा पारा तर ४५ ओलांडतो. मी थेट फ्रिजमधून तव्यावर टाकतो आणि आच थोडी कमी ठेवतो.

आता चार तारे. पाचवा त्या बिजागरीने खाल्ला, आणि ती दुरुस्त होईपर्यंत मी तो देणार नाही. नवा आलेला मी फक्त काट्यापुरता ओल्या फडक्याने पुसतो आणि घडी न घालता वाळवतो. घेणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी बर्फाच्या पाण्यात ० येतो का बघावं, बिजागरीच्या चकतीवरून नख फिरवावं, आणि खोकं वॉरंटी संपेपर्यंत टाकू नये.