औषधाच्या पॅकला माहितीपत्रक कसे जोडावे: आतली घडी, आउटसर्ट, पुस्तिका-लेबल की क्यूआर?

दहा पट्ट्यांचा खोका मेडिकलमध्ये येतो. दुकानदार तो उघडतो, पट्ट्या खणात लावतो आणि रिकाम्या खोक्याबरोबर आतला घडीचा कागदही टाकून देतो. गिऱ्हाईक सहा गोळ्या मागते, कात्रीने पट्टी कापली जाते. त्या कागदावरचा मजकूर कुणीतरी आठवडेच्या आठवडे तपासलेला असतो. ज्याने गोळी गिळायची, त्याच्यापर्यंत मात्र त्यातली एक ओळही जात नाही.

औषधांच्या पॅकेजिंगमध्ये मी वीसहून जास्त वर्षे काढली, त्यातली बरीच गोव्यात वेर्ण्याला. गेल्या वर्षभरात तीन वेगवेगळ्या कारखान्यांतून मला एकच प्रश्न आला: लीफलेट आत टाकायचे, बाहेर चिकटवायचे, लेबलमध्येच बसवायचे, की क्यूआर कोडवर भागवायचे? एकाकडे हाडे ठिसूळ झालेल्यांनी आठवड्यातून एकदा घ्यायची अलेंड्रोनेटची गोळी होती, आपल्याच बाजारासाठी. दुसऱ्याकडे अमेरिकेला जाणारी नैराश्यावरच्या गोळ्यांची बाटली. तिसऱ्याकडे मुलांसाठी अँटिबायोटिकचे ड्राय सिरप, म्हणजे घरी पाणी घालून तयार करायची पावडर. तिघांनीही आधी दर नगाचा खर्च विचारला. मी तिघांना आधी विचारले, तुमचा पॅक शेवटी कुठे फुटतो, आणि तेव्हा तो कुणाच्या हातात असतो?

कार्टनमधली सुटी घडी

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जुना मार्ग. कार्टनिंग मशीनला फोल्डिंग युनिट जोडलेले असते. ४० ते ६० जीएसएमचा (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा) कागद घड्या होऊन ब्लिस्टरभोवती, म्हणजे गोळ्यांच्या पट्टीभोवती, गुंडाळला जातो आणि दोन्ही एकदम कार्टनमध्ये ढकलले जातात. ब्लिस्टर ओढले की कागद हाताला लागतोच, ही या पद्धतीची मोठी जमेची बाजू. कागदाच्या कडेला फार्माकोडच्या उभ्या रेघा छापलेल्या असतात. दुसऱ्या औषधाचे लीफलेट चुकून आले, तर सेन्सर ते ओळखून कार्टन बाहेर टाकतो.

युरोपात ही पद्धत घट्ट रुजली, कारण तिथे बहुतेक देशांत रुग्णाला अख्खे कार्टन मिळते. १९९२ च्या युरोपीय संघाच्या निर्देशाने तिथे रुग्णासाठीचे पत्रक बंधनकारक केले. आता तेच २००१/८३ या निर्देशाच्या कलम ५८ मध्ये आहे: सगळी माहिती पॅकवरच मावत नसेल, तर पत्रक हवेच. ते वाचता यावे यासाठीही नियम आहेत. २००९ च्या मार्गदर्शिकेत किमान ९ पॉइंटचे अक्षर आणि ओळींमध्ये निदान ३ मिलिमीटर अंतर सांगितले आहे. पत्रक खऱ्या माणसांना देऊन बघायचे असते. विचारलेली माहिती १०० पैकी ९० जणांना सापडली पाहिजे आणि सापडलेल्यांपैकी ९० टक्क्यांना ती समजली पाहिजे. हा निकष मला फार मोलाचा वाटतो. आपल्याकडे आर्टवर्क मंजूर करताना सात सह्या होतात, पण एखाद्या आजीच्या हातात कागद देऊन ‘कधी घ्यायची गोळी?’ असे विचारणारा कुणी नसतो.

आता दोष. कागद पातळ, हवा दमट. एका जुलैत आमच्या लाइनवर दर पाचसात मिनिटांनी फोल्डर अडकत होता. मेकॅनिकने रोलर बदलले, बेल्ट बदलले. शेवटी कळले की कागदाचे गठ्ठे दोन दिवस हॉलच्या बाहेर पॅसेजमध्ये पडून होते. ओल खाऊन कागद वाढला होता आणि कडा वळल्या होत्या. त्यात छापखान्याने ग्रेनची, म्हणजे कागदातल्या तंतूंची, दिशा बदललेली, त्यामुळे घातलेली घडी परत उघडत होती. कोकणात किंवा गोव्यात लाइन असेल तर कागद आधी पॅकिंग हॉलच्या हवेत मुरू द्या आणि ग्रेनची दिशा खरेदीच्या स्पेसिफिकेशनमध्ये लिहून घ्या.

पण खरा दोष मशीनचा नाही. दहा पट्ट्यांच्या खोक्यात एक लीफलेट टाकले की कागदोपत्री नियम पाळला जातो आणि रुग्ण कोराच राहतो. आपल्याकडच्या इन्सर्टांची, म्हणजे या आतल्या पत्रकांची, भाषाही रुग्णाची नाही. औषध नियमांतल्या अनुसूची डी(२) मध्ये इन्सर्टमध्ये काय असावे ते सांगितले आहे, तेही इंग्रजीत. कित्येक इन्सर्टांच्या माथ्यावर ‘केवळ नोंदणीकृत वैद्यक, रुग्णालय किंवा प्रयोगशाळेच्या वापरासाठी’ अशी ओळ असते. असा कागद हातात पडला तरी रत्नागिरीतल्या माझ्या मावशीने त्याचे करायचे काय?

आउटसर्ट: बाहेर चिकटवलेला गठ्ठा

यात मोठा कागद अनेक घड्या घालून आगपेटीएवढा घट्ट चौकोन करतात आणि तो गमाने बंद करतात. छापखान्यातून तो तयारच येतो. लाइनवर गमाचे दोन ठिपके, आणि चौकोन बाटलीच्या झाकणावर किंवा अंगावर बसतो. घडीचा सगळा त्रास छापखान्याच्या गळ्यात जातो, मोठा मजकूर मावतो आणि बाटलीला कार्टन लागत नाही. अमेरिकेला जाणाऱ्या बाटल्यांवर हा प्रकार म्हणूनच जास्त दिसतो.

सुट्या घडीशी तुलना करता धोका एकच, पण मोठा: चौकोन पडतो. गम कमी पडला तर शिपरमध्ये, म्हणजे वाहतुकीच्या मोठ्या खोक्यात, घासून सुटतो, जास्त झाला तर उघडताना कागद फाटतो. ट्रान्सपोर्ट टेस्ट केल्याशिवाय गम ठरवू नका, आणि ती पावसाळ्यातही एकदा करा.

दुसऱ्या कारखान्यातल्या मुलाला वाटत होते की आउटसर्ट लावला म्हणजे अमेरिकन रुग्णाला माहिती पोचली. तसे होत नाही. तिथला फार्मासिस्ट मोठ्या बाटलीतून गोळ्या मोजून स्वतःच्या नारिंगी डबीत भरतो. आपली बाटली त्याच्या शेल्फवरच राहते, आउटसर्टसकट. म्हणजे आपल्या कात्रीचेच ते वेगळे रूप. हे ओळखून तिथे १९९९ पासून ‘मेडिकेशन गाइड’चा नियम लागू झाला: ठरावीक औषधांसाठी, ज्यांत नैराश्यावरची औषधे आहेत, रुग्णाच्या भाषेतले वेगळे पत्रक फार्मासिस्टने हातात द्यायचे. उत्पादकाने त्याच्या पुरेशा प्रती किंवा त्या छापून घेण्याची सोय पुरवायची. म्हणून ५०० गोळ्यांच्या बाटलीवर एकच गाइड चिकटवणे हा हिशेबच चुकीचा. ३० गोळ्यांची, थेट रुग्णाला जाणारी बाटली केली, तर एक बाटली, एक गाइड हे गणित जमते. मी त्याला ३० चीच बाटली सुचवली.

चिकटवण्याचा आणखी एक उपयोग मला मनापासून पटतो. फेफऱ्यावरच्या व्हॅल्प्रोएटने गर्भाला गंभीर अपाय होऊ शकतो. २०१८ च्या फेरतपासणीनंतर युरोपात त्याच्या कार्टनला बाहेरून रुग्णकार्ड जोडले जाऊ लागले. आत कागद असतोच, पण कार्ड बाहेर असल्याने औषध देणाऱ्यालाही ते दिसते आणि बोलणे निघते. सगळी माहिती बाहेर आणायची गरज नाही. जी चुकली तर जिवावर बेतेल, तेवढी आणा.

पुस्तिका-लेबल

लेबलच्या खालच्या थरावर घडीची छोटी पुस्तिका आणि वर पारदर्शक फिल्म. कोपरा धरून उघडायचे, वाचायचे, परत चिकटवायचे. तिघांत महाग हेच, साध्या लेबलच्या कित्येक पट. मजकुरातला एक शब्द बदलला की सगळा साठा रद्दी होतो. लहान व्यासाच्या बाटलीवर जाड लेबलची कड उचलते, लाइनवाले त्याला फ्लॅगिंग म्हणतात. तरीही काही औषधांसाठी मी याच्याच बाजूने उभा राहीन. बाटली घरात जिथे जाईल तिथे माहिती जाते. लेबल आणि लीफलेट एकच वस्तू असल्याने अदलाबदलीची शक्यता उरत नाही, आणि मोजदादही रोलवर होते.

ड्राय सिरप हे त्याचे चपखल उदाहरण. आई रात्री अकराला, तापलेले मूल कडेवर घेऊन बाटली उघडते. आधी बाटली आपटून पावडर मोकळी करायची. उकळून गार केलेले पाणी खुणेपर्यंत घालायचे. हलवायचे, फेस बसला की परत खुणेपर्यंत भरायचे. फ्रिजमध्ये ठेवायचे असेल तर तसे, आणि किती दिवसांनी फेकायचे तेही. कार्टन तेव्हा कचऱ्यात गेलेले असते, आतला कागदही. आणि ही बाटली पुढचा आठवडाभर रोज दोनतीनदा हातात येणार आहे. माहिती बाटलीच्या अंगावरच हवी, आणि चित्रांत हवी. खालच्या थरावर मात्र औषधाचे नाव, ताकद, बॅच, मुदत आणि पाण्याची खूण राहिलीच पाहिजे. पुस्तिका कुणी उपटून टाकली तरी बाटली मुकी होता कामा नये.

पॅकवरच छापणे

या पर्यायाचा विचार फार कमी लोक करतात, आणि आपल्या देशाला तो सगळ्यात जास्त शोभतो. कुष्ठरोगाच्या एमडीटीचे (अनेक औषधांच्या एकत्रित उपचाराचे) २८ दिवसांचे ब्लिस्टर पाहिले आहे? महिन्यातून एकदा देखरेखीखाली घ्यायच्या गोळ्या वेगळ्या, रोजच्या वेगळ्या. ज्याला वाचता येत नाही त्यालाही क्रम कळतो. क्षयरोगाच्या ‘९९डॉट्स’ या उपक्रमात गोळ्यांच्या पट्टीवर छापील पाकीट चढवत. गोळी दाबून काढली की मागे दडलेला फोन क्रमांक दिसायचा आणि रुग्णाने त्यावर फुकटात फोन लावायचा. सरकारी ‘छाया’ ही गर्भनिरोधक गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढे आठवड्यातून एकदा घ्यायची असते. असे वेळापत्रक सुट्या कागदावर सोडणे म्हणजे ते चुकण्याची सोय करणे.

पहिल्या कारखान्याला मी हेच सांगितले. अलेंड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची गोळी आठवड्यातून एकदाच, चार गोळ्यांत महिना. सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. पुढे निदान अर्धा तास काही खायचे नाही आणि आडवे व्हायचे नाही, नाहीतर अन्ननलिकेला इजा होते. एवढ्याच चार सूचना. त्या १२ पानांच्या लीफलेटमध्ये कशाला पुरायच्या? चार गोळ्यांचे ब्लिस्टर पुठ्ठ्याच्या पाकिटात सील करा. उघडले की डावीकडे चार चित्रे आणि मोठ्या अक्षरांत मराठी, हिंदी, इंग्रजी. उजवीकडे गोळ्या, प्रत्येकीखाली वार लिहायला जागा. पाकीट कापता येत नाही, म्हणून दुकानदार ते अख्खेच देतो. सविस्तर लीफलेट पाठच्या कप्प्यात राहू दे. लीफलेटच्या कागदापेक्षा पुठ्ठा महाग पडतो हे खरे, आणि दहा पट्ट्यांचा खोका सोडायला मार्केटिंगवाले कुरकुरतील. तरी आग्रह धरा.

आणि क्यूआर

बैठकीत हमखास कुणीतरी म्हणते, जपानने कागद बंद केला, आपण कशाला छापतो? जपानने ऑगस्ट २०२१ पासून दोन वर्षांत बंद केला तो डॉक्टर आणि फार्मासिस्टांसाठीचा कागद. दुकानातून थेट विकत घ्यायच्या औषधांत तिथे कागद राहिला. बेल्जियम आणि लक्झेंबर्गमध्ये २०१८ पासून कागदाविना प्रयोग झाला तो रुग्णालयातल्या औषधांवर, जिथे गोळी नर्स देते. दोन्ही उदाहरणांतून एकच अर्थ निघतो: वाचणारा प्रशिक्षित असेल, तिथे कागद काढता येतो.

आपल्याकडे १ ऑगस्ट २०२३ पासून औषध नियमांतल्या अनुसूची एच२ मधल्या ३०० ब्रँडांवर बारकोड किंवा क्यूआर सक्तीचा आहे. त्यात उत्पादनाचा ओळख क्रमांक, औषधाचे आणि ब्रँडचे नाव, उत्पादकाचे नाव-पत्ता, बॅच, उत्पादनाची आणि मुदतीची तारीख, परवाना क्रमांक असतो. औषध अस्सल आहे का हे तपासायला तो चांगला. पण डोस कसा घ्यायचा, काय टाळायचे, यांपैकी काहीच या सक्तीच्या यादीत नाही. क्यूआर लावला म्हणून लीफलेट काढले, असे ऐकले की मला राग येतो.

जोडीला मात्र क्यूआर जरूर घ्या. कागदाला न जमणाऱ्या दोन गोष्टी तो करतो: मजकूर बदलला की लगेच ताजा होतो, आणि भाषा हव्या तेवढ्या देता येतात. इनहेलर कसा ओढायचा याचा मराठीतला दोन मिनिटांचा व्हिडिओ कुठल्याही चित्रापेक्षा कामाचा. फक्त कोड कापल्या जाणाऱ्या पट्टीच्या एकाच टोकाला छापू नका.

पहिल्या कारखान्याने पाकिटाचे नमुने मागवले आहेत. दुसऱ्याचे ३० च्या बाटलीचे गणित खरेदी विभागात अडकले आहे. तिसऱ्याने पुस्तिका-लेबलची बाटली मला पाठवली. ती मी शेजारच्या ताईंना दिली, त्यांचा नातू तीन वर्षांचा आहे, आणि काही न सांगता औषध तयार करायला सांगितले. पाणी त्यांनी अचूक खुणेपर्यंत घातले, पण लेबलचा कोपरा त्यांना सापडलाच नाही. वरच्या थरावर छापलेल्या एकाच चित्रावरून त्यांनी ते केले. मी कारखान्यातल्या मुलाला फोन करून दोन बदल सांगितले: कोपऱ्याची जीभ दुप्पट मोठी आणि लाल रंगाची कर, आणि ते चित्र आहे तिथून हलवू नकोस.