परवान्याचा रोबो की स्वतःचा? बॅटलटेकच्या वादातून शिकण्यासारखं

महाकाय रोबोंचा गेम काढायचा ठरला की पहिला मोठा निर्णय डिझाइनचा. लोकांच्या ओळखीचे रोबो परवाना घेऊन वापरायचे, की चित्रकार नेमून नवे काढून घ्यायचे? अमेरिकेतल्या फासा कंपनीच्या बॅटलटेकने हे दोन्ही करून पाहिलं आहे.

१९८४ मध्ये हा टेबलावर खेळायचा गेम आला तेव्हा त्यातले बरेच रोबो जपानी ॲनिमेशनमधले होते: काही मॅक्रॉसचे, काही डगरामचे, काही क्रशर जोचे. परवाना एका अमेरिकी आयातदाराकडून घेतलेला. फायदा उघड होता. कसलेल्या कलाकारांची चित्रं आयती मिळाली आणि वॉरहॅमर, मॅरॉडर ही नावं खेळाडूंच्या तोंडी बसली. पण मॅक्रॉसचे अमेरिकेतले हक्क आपले आहेत, असं हार्मनी गोल्ड या अमेरिकी कंपनीचं म्हणणं होतं. त्यांनी ते जपानच्या तात्सुनोको स्टुडिओकडून घेतले होते आणि त्यावर १९८५ मध्ये रोबोटेक ही मालिका आणली होती.

ठिणगी पडली ती फासाच्याच दाव्यातून. आपल्या मॅड कॅट या रोबोची नक्कल केली म्हणून फासाने प्लेमेट्स या खेळणी कंपनीवर दावा लावला. प्लेमेट्सकडे हार्मनी गोल्डचा परवाना होता, आणि हार्मनी गोल्डने उलट फासाला कोर्टात खेचलं. तडजोड झाली, पण १९९६ मध्ये फासाने बाहेरून घेतलेली सगळीच चित्रं काढून टाकली. नावं आणि खेळातले आकडे उरले, रूप गेलं. खेळाडू त्या रोबोंना ‘अनसीन’, म्हणजे न दिसणारे, म्हणू लागले.

पुढे टोकियोच्या न्यायालयांत गुंता आणखी उघड झाला. मॅक्रॉसच्या मूळ रोबो-चित्रांचे हक्क बिग वेस्ट आणि स्टुडिओ न्यूए या जपानी कंपन्यांकडे, मूळ मालिकेच्या चित्रफितीचे तात्सुनोकोकडे, असा निवाडा झाला. परवान्याचा खरा धोका हाच आहे. पैसे मोजून, सही-शिक्क्यासह कागद मिळतो. पण देणाऱ्याकडे नेमकं तेवढं देण्याचा हक्क होता का, हे वर्षांनंतर कळतं. बिग वेस्ट आणि हार्मनी गोल्ड यांचा समझोता व्हायला २०२१ उजाडलं.

आता मॅड कॅट पाहा. तो फासाने स्वतःच्या गेमसाठी काढून घेतलेला. बॅटलटेकवरच्या १९९५ च्या मेकवॉरियर २ या कॉम्प्युटर गेमच्या खोक्यावर तोच उभा आहे, आणि ‘अनसीन’च्या यादीत तो कधीच गेला नाही. ओळख जमायला वेळ लागला, पण जमली ती गेमचीच झाली.

मधली वाट म्हणजे जुनं रूप बदलून नव्याने रेखाटणं. मला ती सर्वांत महाग वाटते. बॅटलटेकच्या पुढच्या पिढीने तेच केलं, तरी २०१७ मध्ये हार्मनी गोल्डने पिरान्हा गेम्स आणि हेअरब्रेन्ड स्कीम्स या बॅटलटेकचे कॉम्प्युटर गेम बनवणाऱ्या स्टुडिओंवर सिएटलच्या कोर्टात दावा लावला. २०१८ मध्ये तो कायमचा निकाली निघाला. पण नवा गेम बाजारात आणण्याच्या धामधुमीत छोट्या स्टुडिओला कोर्टकचेरीही सांभाळावी लागली.

म्हणून छोट्या स्टुडिओला माझा सल्ला स्वतःच्या डिझाइनचाच आहे. परवाना घ्यायचाच असेल तर हक्कांची साखळी मूळ चित्रकारापर्यंत कागदावर दाखवायला सांगा, गेम आणि खेळणी यांचे हक्क वेगवेगळे लिहून घ्या, आणि तिसऱ्याने दावा केला तर भरपाई कोण देणार हे करारात आणा.

स्वतःचं काढतानाही कागद लागतोच. फ्रीलान्स चित्रकाराशी हक्क-हस्तांतराचा लेखी करार हवा. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरला जातो. रोबोच्या छोट्या मूर्ती विकणार असाल तर कलम १५ आधी वाचा: डिझाइन कायद्याखाली नोंदता येण्याजोगं रूप न नोंदवता कारखानदारी पद्धतीने पन्नासहून जास्त प्रती काढल्या, तर त्यावरचा कॉपीराइट संपतो. आणि या नोंदणीचा अर्ज रूप जाहीर करण्याआधी करायला हवा, म्हणजे ट्रेलर टाकण्याच्याही आधी.