नागपूरच्या सावलीत रंगीत पानं: अग्लोनेमा, कॅलेडियम, कोलियस की ऱ्हिओ?

आंब्याखालची किंवा घराच्या उत्तरेकडची जागा रंगीत पानांनी भरायची असेल, तर जुलैत नर्सरीत बघून भुलू नका. पावसाळ्यात चारही झाडं देखणीच दिसतात. कस लागतो तो नवतपात, म्हणजे मे अखेरच्या सर्वात कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, आणि डिसेंबर-जानेवारीच्या रात्री. मे महिन्यात इथे सावलीतही पारा 45 अंशांच्या घरात जातो, हवा कोरडीठाक असते. थंडीत तोच 10 अंशांखाली उतरतो.

लाल-गुलाबी अग्लोनेमा चौघांत महाग आणि इथे सगळ्यात नाजूक. साधारण 12 अंशांखाली पानांवर काळपट, पाणी धरल्यासारखे डाग पडतात, तर उन्हाळी वाऱ्यात कडा करपतात. म्हणून तो कुंडीतच बरा, थंडीत उचलून आत घेता येतो. कुंडीत दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग जाड वाळू, एक भाग गांडूळखत. वरची 2-3 सेंमी माती सुकली की मगच पाणी. बोअरच्या क्षारांनी पानांची टोकं तपकिरी होतात. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी तर मुळीच नको: पाणी उडून जातं आणि क्षार टाकीतच साठत राहतात. शिवाय गडद सावलीत लाल जाती हिरवट पडतात. त्यांना ऊन नको, उजेड मात्र भरपूर हवा.

कॅलेडियमचा तोरा मोठा, पण जून ते ऑक्टोबरच. पुढे वाफा रिकामा दिसतो, हे चालणार असेल तरच घ्या. कंद जूनच्या तोंडावर 4-5 सेंमी खोल, डोळे वर करून लावायचे. काळ्या मातीत पाणी तुंबून ते कुजतात, त्यामुळे 15-20 सेंमी उंच वाफा आणि भरपूर कुजलेलं शेणखत हवंच. नोव्हेंबरात पानं लोळली की झाड मेलं समजून लोक पाणी वाढवतात, आणि कंद तिथेच सडतो. उलट पाणी तोडा, कंद काढून सावलीत सुकवा आणि कोरड्या वाळूत ठेवा.

कोलियस स्वस्त. 8-10 सेंमीची काडी तोडून खालची पानं काढली की ओल्या कोकोपीटात दीड-दोन आठवड्यांत मुळं धरते. वर्षभरात झाड लाकडी आणि विरळ होतं, म्हणून सप्टेंबरात नव्या काड्या लावून ठेवाव्यात. तुरे दिसताच खुडा. दुपारी माना टाकल्या तरी माती ओली असेल तर पाणी देऊ नका, संध्याकाळी सावरतो. पिठ्या ढेकूण आला तर लिटरभर पाण्यात 5 मिली नीमतेल आणि साबणाचे दोन-चार थेंब, फवारणी उतरत्या उन्हात.

ऱ्हिओ वर हिरवा, खाली जांभळा. शोभा जेमतेम, पण चिवट. 20-25 सेंमीवर लावला की जमीन झाकतो, पाण्याची एखादी पाळी चुकली तरी तग धरतो. फक्त पाणी साचू देऊ नका, आणि छाटताना हातमोजे घाला, रसाने खाज सुटते. अग्लोनेमा आणि कॅलेडियम चावले तर तोंडाची आग होते. घरात कुत्रं-मांजर किंवा रांगतं मूल असेल तर ते दोन्ही टाळा.

क्रोटन या यादीत नाही, कारण चार तास ऊन नसेल तर त्याचा रंग उडतो.

वाफा एकच असेल तर कडेने ऱ्हिओ, मध्ये कोलियस, आणि कॅलेडियम कुंड्यांत लावून त्या कुंड्या वाफ्यात पुरा. नोव्हेंबरात कुंड्या उचलल्या की त्या जागी कोलियसच्या सप्टेंबरातल्या काड्या येतात.