घडीच्या कापडी पेट्या : चार घेतल्या, एकही आपल्या पायावर उभी राहीना

आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथूनच परत जातील. घडी होणाऱ्या कापडी स्टोरेज पेट्या, त्या समोर पारदर्शक खिडकी आणि वर चेनचं झाकण असलेल्या, चारचा सेट येतो त्या, जशा येतात तशा वापरल्या तर पाचात दोन स्टार. दोन दुपारी घालवून आतून मजबूत केल्या तर चार. पाचवा स्टार चेनने खाल्ला.

आमचं घर कारेलीबागेत, तळमजला. बडोद्याच्या माणसाला एवढं सांगितलं की पुढचं सांगावं लागत नाही. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदीने ३५ फूट ओलांडले तेव्हा आमच्या हॉलमध्ये गुडघाभर पाणी होतं आणि आम्ही सगळे वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे, कुठल्या सोसायटीत मगर निघाली याच्या गप्पा ऐकत बसलेलो. पाणी ओसरल्यावर खाली आले, पलंगाखाली दोन जुन्या कापडी पेट्या होत्या त्यातली एक ओढायला गेले तर हँडल माझ्या हातात, कापड लोंबतंय आणि बूड तिथेच जमिनीला चिकटून. आत तो ताठपणासाठी पुठ्ठा घातलेला असतो ना, त्याचा पार लगदा झालेला. लेकीची चनियाचोळी आणि सासूबाईंच्या दोन जरीच्या साड्या त्या लगद्यात माखलेल्या. चनियाचोळीचं जाऊ दे, साड्यांचं अजून घरात नाव काढत नाही आम्ही.

मग परत त्याच का घेतल्या, असं नवऱ्यानेही विचारलं. तर जागा. लोखंडी ट्रंका आहेत दोन, पण त्या रिकाम्या असल्या तरी तेवढीच जागा खातात आणि माळ्यावर चढवायला दोन माणसं लागतात. आमच्याकडे सामान सीझनचं असतं, नवरात्र आली की चनियाचोळ्या खाली, गणपती झाले की मखराचं सामान वर, थंडी संपली की रजया वर, आणि ज्या पेट्या रिकाम्या होतात त्या घडी करून कपाटामागे सरकवता आल्या तर निम्मं घर मोकळं वाटतं. म्हणून मंगळबाजारातून परत चारचा सेट आणला, ११९६ रुपये. प्रत्येक पेटी ५० लांब, ४० रुंद, ३० उंच, सेंटीमीटरमध्ये, म्हणजे ६० लिटर.

घरी आणून उघडल्या. पॅकिंगवरच्या फोटोत कशा अगदी ठोकळ्यासारख्या चौकोनी, आमच्याकडे पावसात भिजलेल्या कोंबडीसारख्या एका अंगावर कललेल्या. बुडाला एक पातळ पुठ्ठा, बाजूंना तर पुठ्ठाही नाही, नुसत्या कापडाच्या दोन थरांमध्ये काहीतरी कागदासारखं कडकड वाजणारं. एक बाजू उभी केली की दुसरी पडते, ती धरली की पहिली पडते, एकीने धरायचं आणि दुसरीने कपडे भरायचे. सासरे खुर्चीत बसून बघत होते, आयुष्य मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, पत्र्याच्या कामात गेलंय त्यांचं, म्हणाले, ‘अगं, ही पेटी नव्हे, पिशवी आहे. पेटीचं सोंग घेतलंय नुसतं.’

मी म्हटलं, बाबा, मग करा ना तिची पेटी. आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

कापडाबद्दल आधी थोडं, कारण दुकानदार ‘नॉन-वोवन’ असं म्हणतो आणि आपण काहीतरी भारी असेल म्हणून मान हलवतो. हे विणलेलं नसतं. पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लॅस्टिकचे बारीक धागे पसरून गरम रोलरखाली दाबून चिकटवलेले असतात. ओढ सगळीकडून सारखी आली तर बऱ्यापैकी सहन करतं, पण जिथे सुईने टाके घातलेत तिथे एकदा फाटायला लागलं की सरसर फाटत जातं. हँडल नेमकं तिथेच शिवलेलं. आणि ऊन. माझी एक जुनी पेटी गॅलरीत उन्हात राहिली होती, काही महिन्यांनी हात लावला तर पापडासारखा चुरा व्हायला लागला. उन्हात ठेवू नका, कितीही मजबूत केलीत तरी.

तर बाबांचं म्हणणं असं की कापडाचं काम फक्त बाहेरून आवळून धरायचं, उभं राहायचं काम आतल्या फळीचं. फळी कसली घ्यायची? पुठ्ठा परत नको, पाणी बघितलंय आपण. प्लायवूड जड, शिवाय घडी करून ठेवायची तर त्याचा फायदा काय. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड, तो तर ओल लागली की फुगतो. मग सनपॅक शीट. निवडणुकीत आणि क्लासेसच्या जाहिरातीत खांबांवर बांधलेले पोकळ प्लॅस्टिकचे बोर्ड असतात ना, तीच. दोन पातळ थर आणि मध्ये नळ्या नळ्या, तेही पॉलिप्रॉपिलीनच, पाण्याने काही होत नाही, वजनाला काहीच नाही. रावपुऱ्यात बोर्डवाल्याकडे ५ मिमीची ८ बाय ४ फुटांची शीट मला ३८० ला पडली. दोन आणल्या.

आता जे सांगते ते नीट वाचा, कारण माझी पहिली चूक इथेच झाली. रिक्षात आठ फुटी शीट जाणार कशी, म्हणून मी त्यालाच म्हटलं अर्धी करून द्या. तर तो विचारतो, ‘बेन, आडी कापुं के ऊभी?’ मी म्हटलं कशीही काप रे बाबा. त्याने कापली आणि वर हसून म्हणाला, पछी केता नहीं, म्हणजे नंतर बोलू नका. घरी आल्यावर कळलं का हसला ते.

त्या नळ्यांची दिशा हाच सगळा खेळ आहे. एक तुकडा घ्या, नळ्या उभ्या येतील असा टेबलावर धरा आणि वरून हाताने दाबा, हलत नाही. तोच तुकडा आडवा करून दाबा, मधूनच लवतो. म्हणजे पेटीच्या भिंतीत नळ्या उभ्याच हव्यात, वरचं वजन त्या नळ्या खाली उतरवतात. आणि नळ्या शीटच्या आठ फुटांच्या बाजूने धावतात, चार फुटांच्या नाही. मी घरी मस्तपैकी हिशोब केला होता की चारही भिंतींची १८० सेंटीमीटरची एक सलग पट्टी कापायची, ती उभ्या नळ्यांनी निघूच शकत नाही कारण त्या दिशेला शीट १२२ चीच. एक अर्धी शीट मी तशीच आडव्या नळ्यांची कापून बसले होते, ती आता मुलाच्या सायन्स प्रोजेक्टची झालीये. तिसरी शीट आणावी लागली, म्हणजे आणखी ३८०, आणि त्याच दुकानात जायची लाज वाटली म्हणून नवऱ्याला पाठवलं.

मग बाबांनी तोडगा काढला तो खरंच झकास. एका पट्टीऐवजी दोन काटकोनी तुकडे. प्रत्येक तुकडा ९० बाय ३० चा, त्यातली ५० ची एक भिंत आणि ४० ची दुसरी. नळ्या ३० च्या दिशेने उभ्या, त्यामुळे कोपऱ्याची घडी आपोआप नळीच्या लांबीने येते. तिथे फक्त बाहेरच्या अंगाचा एक थर कटरने चिरायचा, आतला थर तसाच ठेवायचा. झालं बिजागर. हे प्लॅस्टिक शेकडो वेळा वाकवलं तरी सहजी तुटत नाही, सॉसच्या बाटलीचं उघडझाप झाकण असतं ना अख्खं एकाच तुकड्याचं, ते याच प्लॅस्टिकचं आणि याच गुणावर चालतं. कटर जोरात दाबला की दोन्ही थर जातात, माझे दोन गेले, त्यावर डक्ट टेप. बाबांचा एकही गेला नाही आणि हे त्यांनी जेवताना दोनदा सांगितलं. आठ तुकडे गुणिले ३० म्हणजे २४०, शीटची लांबी २४४, चार पेट्यांच्या सगळ्या भिंती एका शीटमध्ये. अर्थात शीट दुकानात लांबीने उभी चिरून आणलेली नसेल तर.

माप प्रत्येक ठिकाणी अर्धा सेंटीमीटर कमीच घ्या, नाहीतर तुकडा आत घुसवताना कापडाची शिवण जाते.

बुडाला दोन थर, एकाच्या नळ्या लांबीत आणि दुसऱ्याच्या रुंदीत, म्हणजे कुठल्याच बाजूने लवत नाही. आणि बूड भिंतींच्या आत बसायला हवं, म्हणून ४८ बाय ३८. आधी दोन्ही काटकोन उभे करायचे, मग बूड वरून दाबून खाली सोडायचं, ते चारही भिंतींना बाहेर रेटून धरतं आणि मग काहीही पडत नाही. पाचरीसारखं. बुडाला एका कोपऱ्यात भोक पाडून नाडी बांधलीये, घडी करताना ती ओढली की बूड वर, काटकोन मिटले, पेटी सपाट. आधी एक पेटी उभी करायला दोघी लागायच्या, आता माझी नववीतली लेक एकटी मिनिटभरात करते, तेही फोनवर बोलत बोलत.

चिकटवाचिकटवीच्या नादी लागू नका. या प्लॅस्टिकला साधा गोंद धरतच नाही, ब्राऊन टेप आठवड्यात सुटते. बुडाचे दोन थर आम्ही चार ठिकाणी भोकं पाडून केबल टायने बांधले, टोकं कापून गाठी खालच्या अंगाला, नाहीतर साड्यांना अडकतात.

आता हँडल. ते आहे तसं ठेवण्यात अर्थ नाही हे मी पुराच्या वेळी शिकले. दांडिया बाजारात आमचा नेहमीचा चप्पल शिवणारा आहे, त्याच्याकडून जाड निवारपट्टी एका हँडलपासून पेटीच्या बुडाखालून दुसऱ्या हँडलपर्यंत सलग फिरवून घेतली. म्हणजे उचलताना वजन पट्टीवर येतं, कापडाच्या टाक्यांवर नाही. पेटीमागे चाळीस रुपये घेतले. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगाचं काम हेच. तुम्हाला शीट-बीट कापायचा कंटाळा असेल तर निदान एवढं तरी कराच.

परीक्षा कशी घेतली? झाकणाखाली शीटचा एक तुकडा टाकला, कारण नुसत्या कापडी झाकणावर दुसरी पेटी ठेवली की ती मधोमध आत बसते आणि वजन भिंतींवर जातच नाही. मग रिकाम्या पेटीवर २० लिटरचा पाण्याचा जार, भरलेला, रात्रभर. सकाळी पेटी उभी होती. फक्त ५० ची भिंत मधोमध बोटभर बाहेर फुगलेली. बाबांनी उरलेल्या शीटचा एक आडवा पडदा मध्ये घातला, त्याने फुगणंही थांबलं आणि दोन खण झाले ते वेगळंच. भरलेल्या पेटीत कपडेच आतून आधार देतात म्हणून पडदा नसला तरी चालतं. आता तीन एकावर एक आहेत माळ्यावर, कोपऱ्यावर कोपरा नीट जुळवून. जरा तिरकी ठेवली की खालचीचा कोपरा दबतो, वजन मुख्यतः कोपरेच पेलतात.

काय भरायचं याचं मात्र तारतम्य ठेवा. ६० लिटर आहे म्हणून पुस्तकं भरलीत तर चाळीस किलोच्या पुढे जाईल, मग निवारपट्टी काय आणि शीट काय. नवऱ्याने एकीत जुने दिवाळी अंक भरले होते, ती उचलताना त्याचीच कंबर धरली. रजया, कपडे, मखराचं थर्माकोल यासाठी उत्तम. चनियाचोळ्या आरसेकामाच्या असतील तर तीनच, एकेक घागरा चार-चार किलोचा असतो.

हिशोब प्रामाणिक सांगायचा तर पेट्या ११९६, शीट तीन मिळून ११४०, मोची १६०, केबल टाय आणि टेप शंभर. म्हणजे २६०० च्या आसपास, त्यात माझ्या ‘कशीही काप’चे ३८० आहेत. एवढ्यात प्लॅस्टिकच्या पक्क्या झाकणाच्या मोठ्या पेट्या आल्या असत्या, हे सासूबाईंनी लगेच सांगितलं आणि ते खोटं नाही. ज्यांच्या घरी जागा आहे त्यांनी त्याच घ्याव्या. आमच्याकडे नाही.

घडीचा प्लॅस्टिक क्रेटही घेतलाय एक, गाडीत भाजीसाठी. खंडेराव मार्केटला जाताना बरा पडतो, आधी लांब बाजू उभ्या करायच्या मग आखूड बाजू खटकन बसतात, मिटताना उलटं. बांधणी या कापडापेक्षा शंभर पटीने चांगली. पण खटका महिन्याभरात तुटला, तिथे आता केबल टाय, म्हणजे नावाला घडीचा.

आणि तो पाचवा स्टार. चेन. पेटीचं सगळं नीट केलं तरी चेन कंपनीचीच राहते, आणि ती इतकी हलकी की कोपऱ्यावर वळताना रनर एका बाजूने सुटतोच. मेणबत्ती घासा, कोपऱ्यात झाकण आतून बोटाने उचलून धरा, तरी एक दिवस जाते. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे सेटमधली एक बदलून मिळत नाही, पूर्ण सेट परत करा. म्हणजे मी निवारपट्टी मारलेल्या चार पेट्या त्याला द्यायच्या. चौथीची चेन गेलीये, टेलरकडे टाकलीये, साठ रुपये सांगितलेत, शनिवारी देतो म्हणाला.