उलटा करून बघ: शेकडाउन स्ट्रीटवरची खरेदी

शर्ट घ्यायचा तर आधी उलटा करून बघायचा, ही खोड मला अण्णांनी लावली. इचलकरंजीत आमचं स्क्रीन प्रिंटिंगचं छोटं दुकान होतं. लग्नपत्रिका, कापडाच्या गाठींची लेबलं, आणि श्रावण लागला की गणपती मंडळांचे टी-शर्ट. पुढं वाघ असो की आमदार, अण्णा आधी आतली बाजू बघणार. शाई कापडात कितपत उतरलीय, शाई पक्की करायची भाजणी नीट झालीय का, सगळं तिथं कळतं. तर २०२५च्या ऑगस्टात सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कबाहेर मी पन्नासएक शर्ट उलटे करून बघितले. दोन शर्ट, एक हुडी आणि एक चित्र घेऊन घरी आलो. आता डिसेंबर आहे. सगळं वापरून, धुऊन, एकदा बायकोच्या शिव्या खाऊन मग लिहितोय.

ज्यांना ग्रेटफुल डेड हा बँड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९६५ साली इथंच, पालो आल्टोत जमलेली ही मंडळी. त्यांचा गिटारवाला जेरी गार्सिया १९९५ मध्ये गेला आणि त्या नावाचा बँड थांबला. उरलेल्यांपैकी काही जण २०१५पासून गिटारवाल्या जॉन मेयरला घेऊन ‘डेड अँड कंपनी’ म्हणून वाजवायला लागले. ६० वर्षं झाली म्हणून १, २ आणि ३ ऑगस्टला पार्कातल्या पोलो फील्डवर तीन दिवस कार्यक्रम होता. ह्या बँडचे चाहते, म्हणजे डेडहेड, गावोगाव त्यांच्या मागं फिरायचे. पेट्रोलचे आणि पुढच्या तिकिटाचे पैसे सुटावेत म्हणून पार्किंगमध्ये स्वतः रंगवलेले, छापलेले शर्ट विकायचे. त्या बाजाराला बँडच्याच १९७८च्या अल्बमवरून शेकडाउन स्ट्रीट म्हणतात. कार्यक्रम जिथं, तिथं ही गल्ली उभी राहते आणि दुसऱ्या दिवशी गुल होते.

तिकीट मी काढलं नव्हतं. मला बाजारच बघायचा होता. शनिवारी सकाळी सनीव्हेलहून कॅलट्रेन पकडली. वाटेत पालो आल्टो लागतं, मग मेन्लो पार्क, जिथल्या एका पिझ्झाच्या दुकानात ह्या लोकांनी पहिल्यांदा वाजवलं. शेवटच्या स्टेशनाबाहेर पार्काकडं जाणारी, एन जुडा मार्गाची ट्राम उभीच असते. ट्राममध्ये माझ्याशिवाय सगळे रंगीबेरंगी. मी ऑफिसला घालतो तो निळा शर्ट घालून गेलेलो. लग्नात चुकून भलत्याच मांडवात शिरल्यासारखं झालं.

आधी चांगलं सांगतो. पहिला शर्ट, ३५ डॉलर.

ह्या बँडची जी नाचरी अस्वलं सगळीकडं दिसतात, ती बॉब थॉमस नावाच्या चित्रकाराने १९७३च्या एका अल्बमच्या मागच्या बाजूला काढली होती. त्याने ती शिशाच्या खिळ्यांमधल्या एका जुन्या अस्वलावरून घेतली, म्हणजे मूळचं ते छापखान्यातलंच जनावर. मला त्याच्याबद्दल आधीपासून आपुलकी. फुटपाथवर पिकलेल्या दाढीचा एक बाप आणि त्याची विशीतली मुलगी घडीच्या टेबलावर शर्ट मांडून बसले होते. चित्र असं: धुक्यात एन जुडाची ट्राम, खिडक्यांत पाच अस्वलं दांड्यांना लोंबकळतायत, आणि सहावं मागून धावतंय, त्याची एक चप्पल मागं पडलीय. ट्रामच्या डोक्यावर तारेला जिथं पँटोग्राफ टेकतो, तिथं ठिणगी. मी वाकून बघितलं. ती ठिणगी म्हणजे कवटीतली वीज होती.

ही वीज म्हणजे डेडहेडांची खूण. गोल कवटी, तिच्या कपाळात दातेरी वीज. बँडचा साउंडवाला आउस्ली स्टॅनली आणि हाच बॉब थॉमस, दोघांनी १९६९मध्ये केलेली. कारण अगदी साधं: अनेक बँड जमले की सामानाच्या पेट्यांची सरमिसळ व्हायची, आपली पेटी लांबून ओळखू यावी एवढंच. आपण नाही का, गावच्या जेवणावळीला जाणाऱ्या पातेल्यांवर नाव घालून घेत, तसं. त्या विजेला १३ कोपरे असतात. नकली माल ओळखायचा तर हे कोपरे मोजायचे. त्या एवढ्याशा ठिणगीत, नखाएवढ्या जागेत, १३ होते. मी दोनदा मोजले. मुलगी माझ्याकडं बघून हसली. सगळे मोजतात, म्हणाली.

मग शर्ट उलटा केला. पाण्याची शाई, आपल्याकडं पिगमेंट म्हणतात तसली. आतून चित्राची हलकी सावली दिसत होती, म्हणजे शाई कापडावर बसलेली नव्हती, कापडात गेली होती. बोट फिरवलं तर छपाई कुठं सुरू होते ते कळत नाही. पाच रंग, पाच स्क्रीन, आणि एकही रंग हललेला नाही. फक्त तिसऱ्या अस्वलाच्या गळ्याशी केसाएवढी पांढरी फट राहिली होती. बापाला दाखवली. त्यानं चष्मा वर सरकवून बघितलं, मुलीकडं बघितलं, आणि काही न बोलता एक स्टिकर फुकट दिला. घरच्या गॅरेजमध्ये हातानं छापतात म्हणे. अकरा धुण्यांनंतर शर्ट आहे तसाच आहे, फक्त मऊ झालाय.

दुसरा शर्ट टाय-डाय, एका बाईकडून. ४५ डॉलर. हा आपल्या बांधणीचाच अमेरिकन भाचा, पण मामासारखी चिकाटी नाही. बांधणीत एकेक कण चिमटीत धरून दोऱ्यानं गाठ मारतात, साडीला हजारोंनी गाठी पडतात. इथं शर्ट मधोमध धरून पिरगाळायचा, रबरबँड लावायचे, बाटलीनं रंग सोडायचा. पण म्हणून हसण्यावारी न्यायचं काम नाही. ह्या बाईच्या एका शर्टावर अख्खी कवटी बांधणीनं काढलेली होती, ब्रश न लावता, नुसत्या घड्या आणि दोरा. तो १२० डॉलरचा. मी साधी फिरकी घेतली: जांभळ्यातून निळ्यात, निळ्यातून हिरव्यात, आणि मधे कुठंही चिखल नाही. तीन रंग एकमेकांना भिडले की तपकिरी राड होते, ती होऊ न देणं हीच ह्यातली कारागिरी.

आता तक्रार. पहिल्या धुण्यात ह्या शर्टानं आमच्या उशीच्या दोन अभ्र्यांना आणि बायकोच्या पांढऱ्या कुर्त्याला जांभळं केलं. ‘वेगळा धुवा’ असं बाई म्हणाली होती, हे कबूल. मी वेगळाच धुतला होता, मग मशीन रिकामं दिसलं म्हणून… जाऊ दे. पण दोष पूर्ण माझा नाही. हे रंग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात सुती धाग्याशी कायमचे जोडले जातात, ते सुटत नाहीत. सुटतो तो न जोडलेला, उरलेला रंग. तो गरम पाण्यात पुन्हा पुन्हा खळबळून काढायचा असतो. तेवढं काम राहून गेलं होतं. ४५ डॉलर घेतल्यावर शेवटचं पाणी गिऱ्हाइकानं मारायचं का? मी बादलीत कढत पाणी ओतून चार वेळा खळबळला, चौथ्या वेळी पाणी नितळ आलं. त्यानंतर काही तक्रार नाही, आणि फिरकीचा रंगही तसूभर उतरलेला नाही. बायको मात्र त्या शर्टाला अजून ‘तो’ म्हणते.

हुडीबद्दल लिहायची लाज वाटते. सॅन फ्रान्सिस्कोतला ऑगस्ट म्हणजे महाबळेश्वरचा जुलै. चार वाजता समुद्राकडून धुकं आलं आणि माझे दात वाजायला लागले. समोर एकानं काळ्या हुडी टांगल्या होत्या, ४० डॉलर. हात लावल्याबरोबर कळलं: फिल्मवर मशीननं छापून इस्त्रीनं चिकटवलेलं, रेनकोटचा तुकडा छातीवर लावल्यासारखं. विजेला ११ कोपरे. आणि गिटार वाजवणाऱ्या सांगाड्याच्या उजव्या हाताला सहा बोटं! कॉम्प्युटरला सांगून काढून घेतलेलं चित्र, कुणी बसून बघितलेलंसुद्धा नाही. बोटांचंच हसू येतं, कारण गार्सियाच्या उजव्या हाताचं मधलं बोट लहानपणीच कुऱ्हाडीखाली तुटलं होतं. चार वर्षांचा होता. ज्या बँडच्या म्होरक्याला एक बोट कमी, त्याच्या नावानं एक बोट जास्त लावून विकतायत. तरी घेतली. थंडी होती. चौथ्या धुण्यात कवटीला तडे गेले, आता ती कुत्र्याला फिरवताना घालतो.

त्याच कमी बोटाचं चित्रही मी आणलं, आणि सगळ्या खरेदीत तेच मला जास्त आवडलं. लिनोकट, म्हणजे लिनोलियमवर कोरून छापलेलं, ६० प्रतींपैकी १४वी, २५ डॉलर. नुसता उघडा पंजा, मधलं बोट आखूड. तळव्यावरच्या रेषा जवळून बघितल्या तर झाडाच्या खोडातली वर्तुळं आहेत, इथल्या रेडवुडसारखी. एकच रंग, काळपट हिरवा. कागदाच्या डाव्या कडेला शाई जरा कमी लागलीय, रोलर वाळला असणार. मी ती प्रत मुद्दाम निवडली. त्यावर ना बँडचं नाव, ना कवटी, ना गुलाब. ज्याला माहीत त्यालाच कळणार. आमच्या घरी आलेल्या कुणालाच अजून कळलेलं नाही.

ह्या सगळ्या मालाला परवानगी असते का, असा प्रश्न पडणार. बहुतेकांकडं नसते. बँडचा अधिकृत माल आत मिळतो, महाग, आणि रांग मोठी. पण ह्या बँडनं चाहत्यांना कार्यक्रम टेप करू दिले, १९८४पासून टेपवाल्यांना बसायला वेगळी जागासुद्धा दिली. शर्टवाल्यांशी त्यांची कधी कुरबुर, कधी समझोता असं चालत आलं. शिवाय त्यांची सगळ्यांत गाजलेली गुलाब-कवटी तरी कुठली? १९६६मध्ये स्टॅनली माउस आणि आल्टन केली ह्या दोघांनी पोस्टरसाठी ती लायब्ररीतल्या एका जुन्या पुस्तकातून उचलली. एडमंड सलिव्हन नावाच्या इंग्रज चित्रकारानं उमर खय्यामच्या रुबायांसाठी काढलेला तो सांगाडा. आपल्या माधव जूलियनांनी मराठीत आणला तोच खय्याम. पुण्यातल्या फारसीच्या प्राध्यापकाला आणि कॅलिफोर्नियातल्या दोन पोस्टरवाल्यांना एकच म्हातारा भेटला, ह्याची मला फार गंमत वाटते. तेव्हा कॉपी केली म्हणून कुणाला नाक मुरडायचं नाही. कॉपी करताना कोपरे मोजले का, एवढं विचारायचं.

मी स्वतः त्या बाबतीत काचेच्या घरातच राहतो. मार्च २००७मध्ये आयर्न मेडन हा इंग्लिश बँड बंगळूरला आला, पॅलेस ग्राउंड्सवर. आम्ही सहा मित्र इचलकरंजीहून निघालो, आणि अण्णांकडून सहा काळे शर्ट छापून घेतले. त्यांच्या त्या भुतासारख्या एडीचं चित्र बघून अण्णा म्हणाले, “हा कोण रे? वेताळ?” रात्री जागून त्यांनी तीन रंगांत छापला, आणि स्पेलिंगमध्ये ‘ई’च्या जागी ‘ए’ पडला. शर्टांवर आलं: आयर्न मैदान. परत छापायला वेळ नव्हता, तसेच घालून गेलो. बंगळूरच्या पोरांनी आमच्याबरोबर फोटो काढून घेतले.

तर रविवारी रात्री, म्हणजे त्यांची सोमवार सकाळ, मी अण्णांना व्हिडिओ कॉल केला. अस्वलांचा शर्ट कॅमेऱ्यापुढं धरला.

“उलटा कर बघू,” अण्णा म्हणाले. केला. “ओढ. आडवा ओढ. आणखी ओढ की.” ओढला. तडा गेला नाही. “बरं भाजलंय. केवढ्याला पडला?”

“पस्तीस डॉलर, अण्णा. तीन हजार रुपये धरा.”

“आं? तीन हजार? मंडळाचे तीस शर्ट छापून दिले असते लेका तेवढ्यात मी.” जरा वेळ गप्प. मग, “ते तिसरं अस्वल दाखव जवळून. गळ्यापाशी फट राहिलीय बघ.”

टाय-डायवर त्यांचं मत, “रंगपंचमीचा बनियन.” पंजाचं चित्र त्यांनी बराच वेळ बघितलं, पण बोललं काहीच नाही. हुडी मी दाखवलीच नाही.

कुणाला जायचं असेल तर दोन गोष्टी. रोख पैसे न्या, वीस-वीसच्या नोटा. फोनवरून पैसे घेणारे बरेच होते, पण त्या गर्दीत नेटवर्क मेलेलं. आणि दुपारी एकच्या आत पोहोचा, नंतर मोठ्या मापाचं काही उरत नाही. बोट वर करून उभे असलेले लोक दिसतील, ते टॅक्सी थांबवत नसतात. फुकट तिकिटाची वाट बघतात, त्याला ‘मिरॅकल’ म्हणतात. एका बाईला माझ्यादेखत मिळालं, आणि ती तिथंच फुटपाथवर मटकन खाली बसली. मी झाडाखालून बाहेरूनच जेवढं ऐकू आलं तेवढं ऐकलं आणि आठाच्या ट्रामनं परत फिरलो.

फोन ठेवता ठेवता अण्णा म्हणाले, “ते अस्वलाचं एक मला पाठव. एक्सएल. कवटी असलेलं नको, तुझी आई घरात येऊ द्यायची नाही.”

ठिणगीत कवटीतलीच वीज आहे हे मी त्यांना सांगितलेलं नाही. त्या बापलेकीकडं वेबसाइट नाही, स्टिकरच्या मागं एक ईमेल लिहिलाय. दोनदा लिहिलं. एक्सएल संपलाय, फेब्रुवारीत पुन्हा स्क्रीन लावणार आहेत, असं मुलीनं कळवलंय. गळ्यापाशी ह्यावेळी फट राहणार नाही, असंही.