सांकेतिक भाषेतली मिस्सा आणि मिशनचा वर्ग: जावं का?

वेंगुर्ल्याजवळच्या एका धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) रविवारी सकाळच्या मिस्सेला, म्हणजे कॅथलिक उपासनेला, भारतीय सांकेतिक भाषेचा दुभाषी असतो. मिस्सेनंतर, परदेशात मिशनकार्याला जाऊ पाहणाऱ्या कर्णबधिर तरुणांचा वर्ग भरतो. दोन्ही मोफत. मिस्सा छान बसली आहे, वर्ग अजून कच्चा आहे.

दुभाषी वाचनाच्या स्टँडला लागून उभा राहतो, खांबाआड नाही. त्यामुळे वाचक, फादर आणि हात एकाच नजरेत मावतात. वाचनं त्याला आदल्या दिवशी मिळतात, प्रवचनाचा कागद मात्र मिळत नाही. मग संतांची आणि गावांची नावं बोटांनी अक्षर-अक्षर दाखवेपर्यंत फादर पुढे गेलेले असतात. प्रतिसादांचंही तेच: लोकांचं ‘आमेन’ संपतं तेव्हा कुठे कर्णबधिरांचे हात वर येतात. फादर दोन-तीन सेकंद थांबले तरी पुरे. खरी अडचण वेदीमागच्या खिडकीची. सकाळचं ऊन तिथून थेट आत येतं आणि दुभाष्याचा चेहरा काळा दिसतो. विचारलं की सांगितलं, हे बऱ्याचदा भुवयांवरूनच कळतं; चेहरा गेला की अर्थही गेला. जाड पडदा लावला की काम होईल. पावसाळ्यात वीज गेली तर माइकला इन्व्हर्टर आहे, दुभाष्यावरच्या दिव्याला नाही. (हे ज्याने ठरवलं तो नक्कीच ऐकू येणारा!)

कुमसाराची, म्हणजे फादरपुढे पापं कबूल करण्याची, सोय उत्तम. जाळी नाही, समोरासमोर खुर्च्या आणि भरपूर उजेड. चर्चच्या कायद्यातलं कलम ९९० दुभाष्यामार्फत पापनिवेदनाला मुभा देतं आणि ९८३ दुभाष्यालाही गुप्ततेत बांधतं. लिहून द्यायचं असेल तर कागद परत मागून घ्या.

वर्गात अमेरिकन कर्णबधिर मिशनरी अँड्र्यू फॉस्टर यांचा धडा मन लावून शिकवतात. अकराव्या वर्षी मेंदूज्वराने बहिरेपण, १९५४ मध्ये कर्णबधिरांसाठीच्या गॅलॉडेट कॉलेजातून पदवी घेणारे पहिले कृष्णवर्णीय, १९५७ मध्ये घानात कर्णबधिरांची शाळा, पुढे आफ्रिकेत तिसाच्या वर शाळा, १९८७ मध्ये रवांडात विमान अपघातात मृत्यू. पण धडा इथेच थांबतो. फॉस्टर यांनी सोबत अमेरिकन सांकेतिक भाषा नेली. ती त्या शाळांतून रुजली आणि स्थानिक खुणा बाजूला पडल्या. निघणाऱ्याला नेमकं हेच माहीत हवं. आपली अक्षरं दोन हातांची, घानातल्या शाळांतली एका हाताची. इथला सराव मात्र दोन हातांचाच चालतो. तिकडच्या कर्णबधिर माणसाशी दर आठवड्याला व्हिडिओ कॉल ठेवला तर दोन-तीन महिन्यांत हात वळेल. वर्गात वायफाय आहे, वापरत कोणी नाही.

पुढच्या दोन बाकांत बसा. निघण्याआधी मेसेज करून दुभाषी येणार का ते विचारा. तो रजेवर असला तर बदली नसते.