पर्मालिंक ‘पोस्ट नेम’वर : दहा महिन्यांनंतर

आकाशदर्शनावरचा माझा वर्डप्रेस ब्लॉग ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाला. थीमचा रंग ठरवायला दोन रात्री गेल्या आणि पर्मालिंकला, म्हणजे लेखाच्या कायमच्या वेबपत्त्याच्या रचनेला, दोन मिनिटं. ‘मंथ अँड नेम’ निवडलं, म्हणजे पत्त्यात आधी वर्ष, मग महिना, मग लेखाचं नाव. दिसायला भारदस्त वाटलं, एवढंच कारण.

पहिला दणका मात्र तारखेचा नव्हे, देवनागरीचा बसला. ‘दुर्बीण घेताना काय पाहावे’ असा लेख टाकला. त्याचा स्लग, म्हणजे पत्त्यातला नावाचा तुकडा, आपोआप तयार झाला. प्रकाशित केल्यावर बघतो तर ‘दुर्बीण-घेताना-काय-पाहाव’. शेवटची मात्रा गायब! आधी वाटलं आपलाच हात चुकला. मग हिशेब मांडला. देवनागरीच्या एकेका चिन्हाला तीन बाइट लागतात आणि पत्त्यात प्रत्येक बाइट तीन जागा खातो : एक टक्क्याचं चिन्ह, पुढे दोन अक्षरं. म्हणजे चिन्हाला नऊ जागा, आणि काना-मात्रा, पाय मोडल्याची खूण हीसुद्धा स्वतंत्र चिन्हंच. वर्डप्रेस स्लगला देतो २०० जागा. माझ्या शीर्षकात २२ चिन्हं, त्यांच्या १९८ जागा, वर तीन जोडरेघा. झाले २०१. एका जागेपायी मात्रा गेली.

अर्धवट शब्द एक वेळ खपवून घेतला असता. पण दुवा कॉपी करून कुणाला पाठवला की टक्का, ई, शून्य, टक्का, ए, चार अशी मालगाडीच निघायची. ब्राउझरच्या पट्टीत छान मराठी आणि चॅटमध्ये चिकटवलं की हे. एका मामांनी तर ‘यात व्हायरस नाही ना?’ म्हणून विचारलं. मराठी विकिपीडियाचे पत्ते देवनागरीतच आहेत आणि उत्तम चालतात, गुगललाही ते वाचता येतात. तेव्हा तक्रार देवनागरीबद्दल नाही. माझे दुवे चॅटमधून फिरतात, तिथे ते बघवत नाहीत.

ऑक्टोबरमध्ये, चौदा लेख झाले असताना, ‘पोस्ट नेम’वर, म्हणजे पत्त्यात फक्त लेखाचं नाव अशा रचनेवर, आलो आणि स्लग हाताने, रोमन अक्षरांत, दोन-तीन शब्दांचे लिहायला लागलो. मराठी लेखाला रोमन पत्ता देताना अजूनही थोडं टोचतं. शिवाय नवीच कटकट : ‘दुर्बीण’मधला उकार एका ‘यू’ने लिहायचा की दोन ‘ओ’ने? पहिल्या महिन्यात एकाच शब्दाची तीन स्पेलिंगं करून ठेवली होती. आता वहीत यादी आहे. ऱ्हस्व-दीर्घ बघायचं नाही, सगळी अक्षरं लहान, शब्दांमध्ये जोडरेघ, अंडरस्कोअर नाही. गुगलही जोडरेघच वापरा म्हणतं.

बदलाचा दिवस वाईट गेला. सेटिंग जतन केलं आणि मुखपृष्ठ सोडून प्रत्येक पान ४०४, म्हणजे ‘पान सापडलं नाही’. सर्व्हरवर अपाची हे सॉफ्टवेअर होतं. असे पत्ते चालवायला लागणारे नियम ज्या एचटीअ‍ॅक्सेस फाइलीत लिहिले जातात, तिच्यावर लिहायची परवानगीच वर्डप्रेसला नव्हती. होस्टिंगवाल्यांच्या मदत-चॅटने मला तासभर कॅशे, म्हणजे पानांच्या साठवलेल्या जुन्या प्रती, साफ करायला लावलं. शेवटी परवानगी मीच दुरुस्त केली, पर्मालिंकच्या पानावर जाऊन काहीही न बदलता पुन्हा ‘सेव्ह’ दाबलं आणि सगळं जागेवर आलं. तुमच्याकडे अपाचीऐवजी एन्जिनएक्स असेल तर तिथे ही फाइल चालत नाही, नियम सर्व्हरच्या कॉन्फिगरेशनमध्येच लिहावे लागतात.

ज्यांची फक्त तारीख गेली होती, ते जुने दुवे वर्डप्रेसने बहुतेक आपणहून नव्या पत्त्यावर नेले. तारीखही गेली आणि स्लगही बदलला, असे काही लटकले. त्यांच्यासाठी ३०१ रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून नव्यावर कायमचं वळण) एकेक करून हाताने लावले. चौदा लेख होते म्हणून निभावलं. चारशे असते तर तारखेसकट तसंच राहू दिलं असतं, कितीही डोळ्यांत खुपलं तरी.

पत्त्यात वर्गवारी घालायचाही मोह झाला होता. ब्लॉगच्या चाचणी-प्रतीवर आठवडाभर करून पाहिलं. लेख दोन वर्गांत असला की वर्डप्रेस त्यातला सगळ्यात लहान क्रमांकाचा वर्ग पत्त्यात घालतो, तुम्हाला कुठला हवा ते विचारत नाही. ‘ग्रह’मधला लेख ‘निरीक्षण’मध्ये हलवला की पत्ताही हलला. मी वर्ग दर महिन्याला बदलणारा माणूस, मला हे झेपणारं नव्हतं.

तारखेशिवायच्या स्लगचा पस्तावा एकदाच झाला. ७ सप्टेंबर २०२५ च्या खग्रास चंद्रग्रहणाच्या लेखाचा स्लग ऑक्टोबरच्या साफसफाईत मी नुसता ‘चंद्रग्रहण’ करून टाकला होता. ३ मार्च २०२६ ला पुन्हा खग्रास. त्या लेखालाही तोच स्लग दिला, तर वर्डप्रेसने गुपचूप पुढे ‘-२’ जोडलं, कारण एकाच स्लगचे दोन लेख त्याला चालत नाहीत. माझ्या लक्षात आलं दोन दिवसांनी, तोवर दुवा बऱ्याच जणांकडे गेला होता. आता ग्रहण, उल्कावर्षाव असं काही असलं की वर्ष स्लगमध्येच लिहितो. दुर्बिणीच्या लेखाला वर्ष नाही. तो दोनदा सुधारून झाला, पत्ता तोच आहे. मार्चच्या लेखाचं ‘-२’ मात्र तसंच ठेवलंय.